लहान शेतीतील अवजारे : हात की यंत्र?

अर्थशास्त्राच्या तासाला ‘तंत्राची निवड’ हा विषय निघाला की उदाहरणे बहुधा गिरणीची किंवा पोलाद कारखान्याची असतात. अमर्त्य सेन यांचा याच विषयावरील ग्रंथ १९६० साली प्रसिद्ध झाला. परंतु हाच प्रश्न तीन एकरांच्या रानातही दर हंगामात उभा राहतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. तेव्हा पुस्तकातला हा प्रश्न आमच्या बांधावर नेऊन पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम जमिनीचा आकार पाहू. कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातील एका खातेदाराचे सरासरी क्षेत्र १९७०-७१ साली ४.२८ हेक्टर होते; २०१५-१६ साली ते १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांवर आले. वाटण्या होत गेल्या, तुकडे लहान झाले. यंत्र मात्र तुकड्याप्रमाणे लहान होत नाही.

यंत्राच्या खर्चाचे दोन भाग असतात. इंधन कामाप्रमाणे लागते; व्याज व घसारा मात्र यंत्र उभे असले तरी चालूच राहतात. समजा, हा दुसरा खर्च वर्षाला ३०,००० रुपये आहे. यंत्र ३०० तास चालले तर तासाला १०० रुपये पडतात. ३० तासच चालले तर १,००० रुपये. म्हणून लहान शेतकरी ट्रॅक्टर विकत न घेता भाड्याने आणतो. हिशेबाने हे बरोबरच आहे. तथापि काळ्या रानाला वाफसा येतो तो सगळ्या शिवाराला एकाच वेळी, आणि ट्रॅक्टरवाला आधी मोठ्या रानात जातो. वाफसा निघून गेला की ढेकळे निघतात. बैलजोडी दावणीलाच असते, शेणखतही देते. पण काम असो वा नसो, तिला बारा महिने वैरण लागते. हातअवजाराला असा खर्च जवळजवळ नाहीच. त्याची किंमत अंगमेहनतीने चुकती होते, आणि घरच्या माणसाची मेहनत कोणी वहीत मांडत नाही.

आमचा शेतकरी नव्याला भितो, असे सरसकट म्हटले जाते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल अशी भीती लोकांना वाटे, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. पण तोच नांगर पुढे गावोगाव पोहोचला. खोल जमिनीत जड नांगराला एका जोडीने भागत नसे. मग शेजारीपाजारी इर्जिक करून बैल जुंपत. मोट जाऊन पंप आला, तोही लोकांनी आपण होऊन आणला. फायदा डोळ्यांना दिसला की शेतकरी बदलतो.

मग बदलले काय आणि राहिले काय? नांगरट, पाणी, मळणी या कामांत यंत्र आले. खुरपणी आणि कापणी बऱ्याच ठिकाणी हातावरच राहिली. पहिली कामे बहुतांशी पुरुषांची, दुसरी बायकांची. माझी आई खुरपणीच्या दिवसांत सकाळपासून उकिडवी बसून पाती धरते. ती म्हणते, “नांगर सांगायला चार माणसं धावत्यात, खुरप्याला मूठ बसवायला कुणाला सवड नसती.” मला या वाक्यात विषयाचे मर्म दिसते. घरात अवजार निवडतो एक आणि वापरतो दुसरा.

वास्तविक हात आणि ट्रॅक्टर यांच्यामध्ये बरेच काही आहे. सायकल कोळपे उभ्याने ढकलता येते. दोन ओळींतले तण ते काढते. मात्र पेरणी सरळ ओळीत हवी, आणि रोपालगतचे तण खुरप्यानेच काढावे लागते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेला ‘वैभव’ विळा दातेरी व हलका आहे. त्याला वारंवार धार लावावी लागत नाही. अशा वस्तूंना कर्ज काढावे लागत नाही.

येथे एक सावधगिरी हवी. खुरपणीचा रोजगार हाच ज्या भूमिहीन बाईचा आधार आहे, तिच्या दृष्टीने कोळपे म्हणजे गेलेली मजुरी. घरच्या माणसाचे कष्ट वाचवणे आणि दुसऱ्याची मजुरी वाचवणे, या दोन गोष्टी आपल्या हिशेबात वेगळ्या मांडल्या पाहिजेत.

माझ्या मते लहान शेतकऱ्याने चार प्रश्न विचारावेत : हे काम वर्षातून किती दिवस असते? वाफसा चुकला तर किती नुकसान होते? वाचलेल्या वेळाचे घरात काय होणार? आणि ज्याच्या हाती हे अवजार जाणार, त्याला विचारले आहे काय? पहिल्या तिन्ही प्रश्नांची चर्चा पारावर होते. चौथा प्रश्न घरातच विचारावा लागतो, आणि माझ्या मते सुरुवात त्याच्यापासूनच व्हावी.