गाणे पुढच्याच्या हाती द्या



दिवाळी झाली की आपल्या झाडीपट्टीत नाटकांचे दिवस सुरू होतात. रात्रभर चालणाऱ्या नाटकातले नट सर्वांना दिसतात. परंतु मंडप घालणारे, वर्गणी गोळा करणारे, पोरांना तालमीला बोलावून आणणारे कोणाच्या लक्षात राहत नाहीत. ते नसतील तर पडदाच उघडणार नाही. बोदलकसा परिसरातल्या आपणा सर्वांना हे ठाऊक आहे. चर्चमधील गायनाचेही असेच आहे.

व्हिक्टर परांजोती यांनी 1956 साली मुंबईत ‘परांजोती अकॅडमी कोरस’ हा गायकवृंद सुरू केला. स्त्री-पुरुषांचे उंच आणि खालचे आवाज वेगवेगळ्या चाली गातात आणि त्यातून एकच गीत उभे राहते, अशी ही पद्धत. गाणारे सारे हौशी, आपापला कामधंदा सांभाळून तालमीला येणारे. 1967 साली परांजोती यांचे निधन झाले. संस्थापक गेला की मंडळ मोडते, हा आपला नेहमीचा अनुभव. येथे तसे झाले नाही. त्याच वृंदात तयार झालेल्या कुमी वाडिया यांनी धुरा उचलली आणि पुढे अनेक दशके तो वृंद चालवला. समूहगायनाचे संचालन करणाऱ्या भारतातील अगदी पहिल्या स्त्रियांमध्ये त्यांचे नाव घेतले जाते. पाश्चात्त्य रचनांबरोबर भारतीय भाषांतील गीतेही त्यांनी गाऊन घेतली.

या उदाहरणात आपल्यासाठी कोणता धडा आहे? संत पौल तीमथ्याला सांगतो की, जे तू माझ्याकडून ऐकलेस ते विश्वासू माणसांच्या हाती सोपव, म्हणजे ती इतरांना शिकवतील (2 तीमथ्य 2:2). शिकवणाऱ्याची खरी कसोटी त्याच्या पश्चात लागते. मी गेल्यावर गाणे थांबले, तर मी गायलो खरा, परंतु शिकवले नाही.

गायकवृंदात मूल आणखी एक गोष्ट शिकते. आपला सूर धरायचा आणि शेजाऱ्याचाही ऐकायचा. एकाने स्वतःचा आवाज उठून दिसावा म्हणून जोर लावला की गीत बिघडते. एका शरीरात अनेक अवयव, हे पौलाचे वचन (1 करिंथ 12) मुलांना प्रवचनापेक्षा तालमीत लवकर कळते. संत ऑगस्टीन यांनी ‘कन्फेशन्स’मध्ये कबुली दिली आहे की, कधी कधी शब्दांपेक्षा चालच त्यांचे मन ओढून नेई. हा धोका आपणही ओळखावा. गायन प्रार्थनेसाठी आहे, वाहवेसाठी नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 च्या उपासनाविषयक दस्तऐवजात स्पष्ट केले आहे की, गायकवृंदाचे सभासद खरीखुरी उपासनासेवा करतात. ती मिस्साची सजावट नव्हे.

तरीही रोवणीच्या व कापणीच्या दिवसांत तालीम ओस पडते. मोठी मुले शिकायला बाहेरगावी जातात आणि दोन-चार जुन्या आवाजांवर सारा भार येतो. म्हणून विनंती आहे. ज्यांना चाली येतात त्यांनी प्रत्येकी एका मुलाला त्या शिकवाव्यात. आईवडिलांनी मुलाला तालमीला पाठवावे, आणि शक्य तर स्वतः सोबत यावे.

चिंतनासाठी:
1. मला येणारी कोणती सेवा मी अजून कोणालाच शिकवलेली नाही?
2. गाताना मी शेजाऱ्याचा आवाज ऐकतो का?

प्रभू आपल्या सर्वांना एक मन आणि एक सूर देवो. आमेन.