अंद्रियाने काय केलं? आगमनकाळातली साक्ष

आजचं वचन: योहान १:३५-४२



आगमनकाळाचा पहिला रविवार दरवर्षी वेगळ्या तारखेला येतो, पण २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर या आठवड्याबाहेर कधी जात नाही. कारण ३० नोव्हेंबरला, म्हणजे संत अंद्रियाच्या सणाला, जो रविवार सर्वांत जवळचा तोच पहिला रविवार. प्रभूच्या येण्याची तयारी सुरू होते तेव्हा दाराशी अंद्रिया उभा असतो!

अंद्रियाचं एकही मोठं प्रवचन शुभवर्तमानात नाही. नव्या करारात त्याच्या नावाचं पत्रही नाही. पण योहानाच्या शुभवर्तमानात तो तीनदा ठळकपणे दिसतो आणि तिन्ही वेळा कोणाला तरी येशूपुढे आणतो. पहिल्या अध्यायात भाऊ शिमोन. सहाव्यात पाच भाकरी आणि दोन मासे असलेला मुलगा; एवढ्याने काय होणार ही शंका अंद्रियाच्याही मनात आहे, तरी तो सांगतोच. बाराव्यात येशूला भेटू इच्छिणारे ग्रीक लोक, तेव्हा सोबत फिलिप्प असतो.

आपल्यापैकी बरेच जण ऑफिसमध्ये, पीजीमध्ये, सोसायटीत एकटेच ख्रिस्ती असतात. बोललो तर "हा धर्म पसरवायला आलाय" असं वाटेल ही भीती. गप्प बसलो तर सगळ्यात मौल्यवान गोष्टच मित्रापासून लपवल्यासारखं होतं. मग करायचं काय? अंद्रियाकडे बघू.

१. तो आधी येशूजवळ राहिला. दुपारी साधारण चारची वेळ होती, तो दिवस त्याने येशूबरोबर घालवला आणि मग भावाला शोधलं. सकाळची दहा मिनिटं प्रभूबरोबर नसतील तर दिवसभर सांगणार तरी काय?

२. त्याने घरापासून सुरुवात केली. शिमोन त्याला पुरता ओळखत होता. आपली चिडचिड, डेडलाइनच्या दिवशीचा आपला आवाज ज्यांनी ऐकलाय, त्यांच्यापुढे साक्ष शब्दांआधी वागण्यातून जाते.

३. त्याने फक्त आणून सोडलं. शिमोनला नवं नाव येशूने दिलं. मन बदलणं अंद्रियाच्या टास्क-लिस्टमध्ये नव्हतंच, आपल्याही नाही.

पुढे याच पेत्राच्या पहिल्या पत्रात (३:१५) आपल्या आशेबद्दल विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार राहा, पण सौम्यतेने आणि आदराने, असं सांगितलंय. उत्तर म्हटलं की आधी प्रश्न आला. डिसेंबरमध्ये तो येतोच. खिडकीतला तारा बघून शेजारच्या काकू विचारतात, "तुमच्यात या चार मेणबत्त्या कशासाठी?" तेव्हा "असंच, डेकोरेशन" म्हणू नका. दोन वाक्यांत सांगा: आम्ही येशूची वाट बघतोय, आणि तो माझ्यासाठी कोण आहे. त्यांनी पुढे विचारलं तर पुढे बोला. नाही विचारलं तर करंज्यांचं ताट द्या, दिवाळीचा फराळ त्यांच्याकडून आलाच होता की!

एखाद्या सहकाऱ्याचे वडील आयसीयूत असतील तर आधी डबा न्या, रात्री थांबा. "मी प्रार्थना केली तर चालेल का?" असं विचारा आणि नको म्हणाला तर मनापासून मान्य करा. कोणाच्या अडचणीचा फायदा घेऊन किंवा आमिष दाखवून सांगितलेली सुवार्ता ही सुवार्ताच नाही.

आणि घाई नको. नारायण वामन टिळकांना नवा करार मिळाला तो आगगाडीत, एका सहप्रवाशाकडून. १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंचा निर्णय मात्र काही वर्षांनी झाला, आणि तो त्यांचा स्वतःचा होता. वाट बघणं हाच तर आगमनकाळ!

आज एवढंच करू या: एका व्यक्तीचं नाव वहीत लिहा. नाताळपर्यंत रोज तिच्यासाठी प्रार्थना करा आणि या आठवड्यात तिचं काहीतरी नीट, शांतपणे ऐकून घ्या.

प्रार्थना: हे प्रभू येशू, अंद्रियासारखं आधी तुझ्याजवळ राहायला मला शिकव. कोणी विचारलं तर लाजू देऊ नकोस आणि कोणी नाही विचारलं तरी माझी माया कमी होऊ देऊ नकोस. आमेन.