३.१० म्हणजे ३.१ नव्हे

आपण पायथनच्या कोणत्या आवृत्तीवर चाललो आहोत हे प्रोग्रामला विचारता येतं, पण उत्तर दोन रूपांत मिळतं. ‘सिस’ मॉड्यूलमधलं ‘व्हर्जन’ म्हणजे आवृत्ती, बिल्डची तारीख आणि कंपायलरचं नाव एकत्र गुंफलेला लांबलचक मजकूर. तिथलंच ‘व्हर्जन इन्फो’ सुट्या आकड्यांचा टपल देतं. निर्णय आकड्यांवरून घ्यावा, मजकुरावरून नाही, असं पायथनची अधिकृत कागदपत्रंच सांगतात. तरी जुन्या कोडमध्ये मला सर्रास दिसतं ते मजकुराची पहिली तीन अक्षरं कापून घेणं. २.७ पासून ३.९ पर्यंत ते बिनबोभाट चाललं. ऑक्टोबर २०२१ मध्ये ३.१० आली आणि तोच कोड तिला ३.१, म्हणजे थेट २००९ सालची आवृत्ती समजू लागला. पूर्ण मजकुरांची तुलना केली तरी सुटका नाही, कारण अक्षरांच्या क्रमात ‘३.१०’ हे ‘३.९’ च्या आधी येतं. बरं, एरर आला असता तर कळलं तरी असतं. प्रोग्राम गुपचूप जुन्या वाटेने जातो आणि दोष भलतीकडेच शोधला जातो. म्हणून ‘चालतंय ना, मग कशाला हात लावायचा’ हा युक्तिवाद मला पटत नाही. ते चालत होतं ते आकडा एकअंकी होता म्हणून.

प्लॅटफॉर्मच्या नावांत तर याहून गंमत आहे. ‘सिस’ मधलं ‘प्लॅटफॉर्म’ ६४ बिटच्या विंडोजवरही ‘विन३२’ असंच सांगतं. मॅकवर उत्तर येतं ‘डार्विन’. नावात ‘विन’ आहे का एवढंच पाहणारा कोड मॅकलाही विंडोज ठरवतो. लिनक्सवर पूर्वी ‘लिनक्स२’ येत असे, ३.३ पासून नुसतं ‘लिनक्स’. बरोबर ‘लिनक्स२’ शीच तुलना करणारे प्रोग्राम तिथे अडले. अँड्रॉइडही ‘लिनक्स’ म्हणूनच ओळख देई, ३.१३ पासून ते ‘अँड्रॉइड’ सांगतं. विंडोज ११ आतून स्वतःला १०.० च म्हणवते. फरक कळतो तो २२००० पासून सुरू होणाऱ्या बिल्ड क्रमांकावरून. ही नावं इतिहासाने ठेवलेली आहेत, तेव्हा त्यांच्यावरून क्षमतेचा अंदाज बांधू नये. ‘फोर्क’ हवं असेल तर ‘ओएस’ मॉड्यूलमध्ये ते आहे का, हे थेट तपासावं. टॉमल फाइल वाचायची असेल तर ३.११ मध्ये आलेलं ‘टॉमललिब’ इम्पोर्ट करून पाहावं, नसेल तर पर्यायी लायब्ररी घ्यावी.

मग आवृत्ती तपासूच नये का? असं म्हणणारेही आहेत, पण ते अर्धंच खरं आहे. काही बदलांना नवं नाव नसतं. डिक्शनरीतला क्रम टिकण्याची हमी भाषेने ३.७ पासून दिली. ती शोधायला कुठलंही फंक्शन नाही. मॅकवर मल्टिप्रोसेसिंगची मूळ पद्धत ३.८ मध्ये ‘फोर्क’ वरून ‘स्पॉन’ वर गेली, आणि तिथे तर प्लॅटफॉर्म आणि आवृत्ती दोन्ही बघावे लागतात. अशा ठिकाणी टपलची टपलशी तुलना करावी, तीही ‘इतकी किंवा पुढची’ अशी. व्याकरणाची गोष्ट निराळी. ३.१० मधलं ‘मॅच’ वापरलेल्या फाइलच्या माथ्यावर कितीही काटेकोर तपासणी लिहा, जुना इंटरप्रिटर तिथपर्यंत पोहोचतच नाही. आधी अख्खी फाइल कंपाइल होते आणि सिंटॅक्स एररवर सगळं थांबतं. त्यासाठी किमान आवृत्तीची अट पॅकेजच्या माहितीतच लिहावी, म्हणजे पिप न जुळणारं पॅकेज बसवत नाही. तो पिपही ‘पायथन -एम पिप’ असा चालवावा. मशीनवर दोन-तीन पायथन असले की नुसतं ‘पिप’ कोणत्या पायथनचं आहे याचा भरवसा नसतो.

त्या लांबलचक मजकुराचा उपयोग मात्र आहे. बग कळवताना तो जसाच्या तसा, ‘प्लॅटफॉर्म’ मॉड्यूलच्या उत्तरासह चिकटवावा. बिल्डची तारीख आणि कंपायलरचं नाव तिथे खरोखर कामाला येतं, कारण वाचणारा माणूस असतो.