समुद्रकाठचा रस्ता, वेगवान गाडी आणि आपले शरीर

पावसाळा संपून भातकापणी उरकली की आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात किनाऱ्यावर पाहुण्यांची वर्दळ सुरू होते. दापोलीकडून दाभोळला यायचे, फेरीबोटीत गाडी चढवून धोपाव्याला उतरायचे, गुहागर, वेळणेश्वर, हेदवी पाहत तवसाळला यायचे, पुन्हा बोटीने जयगडला उतरायचे आणि मग मालगुंड, गणपतीपुळे, आरे-वारे करीत रत्नागिरी गाठायची. या रस्त्यासारखा सुंदर रस्ता मी तरी दुसरा पाहिलेला नाही. पूर्वी या वाटेवर एस.टी. आणि जीपगाड्याच दिसत. आता मुंबई-पुण्याच्या बसक्या, दोन दारांच्या, टप उघडणाऱ्या स्पोर्ट्स गाड्याही दिसू लागल्या आहेत. आपल्याकडचीही तरुण मुले मित्राची अशी गाडी दोन दिवस मागून आणतात.

हौसेला माझा विरोध नाही. मात्र अशा सहलीतून दवाखान्यात येणारे रुग्ण पाहिले की एक गोष्ट सांगावीशी वाटते. गाडी नवी असते, इंजिन जोरदार असते, पण ती चालवणारे डोळे, मेंदू, कान आणि कंबर जुन्याच बनावटीची असतात. त्यांच्या मर्यादा कोणत्या, हे आज पाहू.

डोळे पाहतात, पाय उशिरा हलतो

रस्त्यावर अचानक गाय आडवी आली. डोळ्यांनी ती पाहिली, मेंदूने ती गाय आहे हे ओळखले, ब्रेक दाबायचे ठरवले, पायाच्या स्नायूंना आज्ञा दिली आणि मग पाय हलला. निरोगी माणसालाही या साऱ्याला सुमारे एक ते दीड सेकंद लागतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी दर सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते, तर ताशी १०० किलोमीटरला २८ मीटर. म्हणजे दीड सेकंदात अनुक्रमे २५ आणि ४२ मीटर. हे ४२ मीटर म्हणजे एकामागे एक उभ्या केलेल्या साडेतीन-चार एस.टी. गाड्यांची लांबी झाली. आणि एवढ्या अंतरात ब्रेक अजून लागलेलाच नसतो! ब्रेक कितीही उत्तम असले तरी त्यांचे काम त्यानंतर सुरू होते. आपल्या किनाऱ्यावरच्या कितीतरी वळणांवर पुढचा तेवढा रस्ता दिसतसुद्धा नाही.

दुसरी गोष्ट आघाताची. वेग दुप्पट झाला की आघाताची शक्ती दुप्पट होत नाही, चौपट होते. हाडे, यकृत, प्लीहा आणि मेंदू यांना हा हिशेब सोसावा लागतो.

तिसरी गोष्ट समुद्राची. मुंबईकडून दक्षिणेला येताना समुद्र उजव्या हाताला असतो आणि आपल्याकडे चालकाची बैठकही उजवीकडेच असते. त्यामुळे चालकाची नजर वारंवार समुद्राकडे जाते. ताशी ६० च्या वेगात दोन सेकंद समुद्र पाहिला, तर गाडी तेहतीस मीटर आंधळी धावली असे समजावे. समुद्र पाहायचा असेल तेव्हा गाडी रस्त्याच्या बाजूला सुरक्षित जागी उभी करावी आणि मनसोक्त पाहावा.

झोप जिंकता येत नाही

या सहलींतील सर्वांत मोठा शत्रू दारू आहे असे लोक समजतात. दारू शत्रू आहेच. गाडी चालवायची असेल तर बिअरचा एक ग्लाससुद्धा नको. पण झोपेविषयी कोणी बोलत नाही. मुंबईचा मनुष्य शुक्रवारी सकाळी सहाला उठतो, दिवसभर काम करतो, रात्री दहाला गाडी काढतो आणि पहाटे कोकणात उतरतो. रात्री अकरालाच त्याला जागे होऊन सतरा तास झालेले असतात. १९९७ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी प्रयोग करून दाखवले, की सतरा तास जागा राहिलेला माणूस रक्तात दर १०० मिलिलिटरमागे ५० मिलिग्रॅम मद्यार्क असलेल्या माणसाइतकाच मंद होतो. चोवीस तास जागा राहिला तर तो १०० मिलिग्रॅमवाल्याइतका मंद होतो. आपल्या कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. म्हणजे थेंबभरही न घेतलेला हा मनुष्य पहाटे झिंगलेल्या माणसासारखी गाडी चालवीत असतो, आणि पोलिसांच्या नळीत फुंकर मारली तर निर्दोष सुटतो.

आपल्या शरीरात एक घड्याळ असते. पहाटे दोन ते पाच आणि दुपारी दोन ते चार या वेळांत ते मेंदूला झोपेकडे ओढते. सुरमईचे ताट, वर भात आणि सोलकढी झाल्यावर जी सुस्ती येते तिला जेवण थोडे कारण असते, पण न जेवताही ती ओढ असतेच.

काही वर्षांपूर्वी पंचविशीतला एक तरुण दुपारी साडेतीनच्या सुमारास माझ्याकडे आणला गेला. रात्रभर गाडी हाकून सकाळी पोहोचला होता, समुद्रात डुंबला, जेवला आणि पुन्हा चाकामागे बसला. सरळ रस्त्यावर, समोर कोणी नसताना, त्याची ठेंगणी लाल गाडी चिऱ्यांच्या गडग्यावर जाऊन आदळली. मनगट मोडले होते, छातीवर पट्ट्याचा वळ होता. पट्टा होता म्हणूनच तो माझ्याशी बोलत होता. "डॉक्टर, मी झोपलो नव्हतो, डोळे उघडेच होते," असे तो परोपरीने सांगत होता. तो खोटे बोलत नव्हता. अतिशय थकलेला मेंदू तीन-चार सेकंद बंद पडतो आणि पुन्हा सुरू होतो. माणसाला त्याची आठवणही राहत नाही. त्या गडग्याच्या पलीकडे शाळेची वाट होती आणि शाळा सुटायला थोडाच वेळ उरला होता.

टप उघडे असले, तोंडावर वारा येत असला की झोप येत नाही, हा समज चुकीचा आहे. वारा, मोठ्याने लावलेली गाणी, तोंडावर मारलेले पाणी यांनी फार तर काही मिनिटे हुशारी वाटते. लागोपाठ जांभया येणे, मागचे दोन-तीन किलोमीटर कसे गेले हे न आठवणे, ओळखीचे वळण चुकणे, चाक डांबरावरून खाली उतरणे, ही धोक्याची लक्षणे आहेत. अशा वेळी गाडी थांबवून पंधरा-वीस मिनिटे झोपावे. झोपण्यापूर्वी कपभर कडक चहा किंवा कॉफी घ्यावी; तिचा परिणाम व्हायला अर्धा तास लागतो, तोवर झोप झालेली असते. मात्र हा तात्पुरता उपाय आहे. खरे औषध आदल्या रात्रीची सात-आठ तासांची झोप हेच.

गाडी लागणे

चालकाला झोप, तर शेजाऱ्याला उलटी! याचे कारण आपल्या कानात आहे. कानाच्या आतल्या भागात द्रवाने भरलेल्या तीन बारीक अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. शरीर वळले, हलले की त्या मेंदूला खबर देतात. वळणावळणाच्या रस्त्यावर कान सांगतो, "आपण गरगर फिरत आहोत." मोबाइलमध्ये घातलेले डोळे सांगतात, "आपण स्वस्थ बसलो आहोत." दोन साक्षी जुळेनात की मेंदूचा गोंधळ होतो आणि मळमळ, घाम, जांभया, उलटी असा क्रम सुरू होतो. दोन ते बारा वर्षांची मुले, गरोदर स्त्रिया आणि अर्धशिशी असणारे यांना हा त्रास जास्त होतो.

चालकाला मात्र गाडी सहसा लागत नाही, कारण पुढचे वळण कोणते आणि केव्हा हे त्याच्या मेंदूला आधीच ठाऊक असते. वेगवान गाडीचा चालक सरळ रस्ता दिसला की वेग वाढवतो, वळण आले की ब्रेक दाबतो. हे पुढे-मागे, डावी-उजवीकडे हेलकावे शेजाऱ्याच्या पोटाला भोवतात. तेव्हा बायको-मुलांना गाडी लागत असेल तर पहिला उपाय चालकाच्या उजव्या पायात आहे. एकसारखा, बेताचा वेग ठेवावा.

इतर उपाय असे: पुढच्या आसनावर बसावे. लांब क्षितिजाकडे किंवा समोरच्या रस्त्याकडे पाहावे. वाचन व मोबाइल बंद. निघताना पोट अगदी रिकामे नको आणि तडस लागेपर्यंत भरलेलेही नको. पेज, इडली, केळे असे हलके खावे. आल्याचा तुकडा चघळल्याने अनेकांना बरे वाटते. फेरीबोटीवर गाडीत बसून राहू नये, खाली उतरून पैलतीराकडे पाहत उभे राहावे. प्रोमेथाझिन, सिनारिझिन यांसारखी औषधे निघण्यापूर्वी तासभर आधी घ्यावी लागतात. उलटी सुरू झाल्यावर फारसा उपयोग नाही. ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत. काचबिंदू किंवा लघवी अडखळण्याचा त्रास असणाऱ्यांनी विशेष जपावे. दोन वर्षांखालील मुलांना प्रोमेथाझिन देऊ नये. या गोळ्यांनी गुंगी येते म्हणून चालकाने त्या घेऊ नयेत. सर्दीच्या व खोकल्याच्या अनेक औषधांनाही हाच नियम लागू आहे.

ऊन, वारा आणि ओढणी

उघड्या गाडीत वाऱ्याने घाम लगेच सुकतो, त्यामुळे ऊन जाणवत नाही आणि तहानही उशिरा कळते. संध्याकाळी डोके दुखू लागते, लघवी गडद होते. दर तासाला ग्लासभर पाणी, कोकम सरबत किंवा ताक घ्यावे. बंद काचेतून ऊन बाधत नाही असेही नाही. साध्या काचेने त्वचा भाजणारी किरणे बरीच अडतात, पण त्वचा सुरकुतवणारी दुसरी अतिनील किरणे पुष्कळ आत येतात. अठ्ठावीस वर्षे ट्रक चालवलेल्या एका परदेशी चालकाचे छायाचित्र २०१२ साली वैद्यकीय नियतकालिकात आले होते. त्याच्या खिडकीकडील डावा गाल उजव्यापेक्षा कितीतरी म्हातारा दिसत होता. आपल्याकडे खिडकी उजवीकडे असते, एवढाच फरक. तेव्हा लांब बाह्यांचा सुती सदरा, टोपी, उघड्या त्वचेला सनस्क्रीन आणि डोळ्यांना काळा चष्मा असावा. दिवस मावळताच चष्मा काढावा.

उघड्या गाडीत ओढणी, पदर, लांब रुमाल मोकळा सोडू नये. इझाडोरा डंकन ही जगप्रसिद्ध नर्तिका १९२७ साली फ्रान्समधील नीस या समुद्रकाठच्या शहरात उघड्या गाडीतून निघाली असता, तिच्या गळ्यातील लांब रेशमी वस्त्र मागच्या चाकात गुंतले आणि ती जागीच गेली. आपल्याकडे दुचाकीच्या चाकात ओढणी अडकून असे अपघात आजही होतात.

कंबर आणि पाय

स्पोर्ट्स गाडीची बैठक जमिनीलगत असते आणि स्प्रिंग कडक असतात. गतिरोधकाचा दणका थेट मणक्याला बसतो. कंबरेचा जुना विकार असणाऱ्यांनी असल्या गाडीचा मोह टाळावा. बसताना आधी आसनावर टेकावे आणि मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यावेत. उतरताना दोन्ही पाय बाहेर टेकवून मग उठावे. छाती आणि चाक यांत सुमारे २५ सेंटिमीटर अंतर ठेवावे. दर दोन तासांनी उतरून पाच-दहा मिनिटे चालावे, म्हणजे पायातील रक्त साकळत नाही.

कोणी गाडी चालवू नये?

फिट येणाऱ्यांनी, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी आणि रक्तदाब ताब्यात नसलेल्यांनी चाकामागे बसू नये. इन्शुलिन घेणाऱ्या मधुमेह्यांनी जेवणाची वेळ चुकवू नये आणि जवळ साखर ठेवावी; घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली की आधी गाडी थांबवावी आणि मग साखर तोंडात टाकावी.

ग्रेस केली ही अभिनेत्री १९५५ च्या "टू कॅच अ थीफ" या चित्रपटात फ्रान्सच्या समुद्रकाठच्या डोंगरी रस्त्यावरून स्पोर्ट्स गाडी भरधाव नेताना दिसते. पुढे ती मोनाकोची राजकुमारी झाली. १३ सप्टेंबर १९८२ रोजी तशाच वळणाच्या रस्त्यावर तिची साधी मोटार खाली कोसळली आणि दुसऱ्या दिवशी, वयाच्या ५२ व्या वर्षी, तिचा मृत्यू झाला. गाडी चालवताना तिच्या मेंदूत रक्तस्राव झाला असावा, असे डॉक्टरांनी सांगितले. शेजारी बसलेली मुलगी बचावली. अकस्मात तीव्र डोकेदुखी, एका बाजूचा हात-पाय बधिर होणे, बोलणे अडखळणे, छातीत दुखणे यांपैकी काहीही जाणवले तर "पुढच्या गावापर्यंत जाऊ" असे म्हणू नये. गाडी तिथेच बाजूला घ्यावी आणि मदत मागावी.

अपघात दिसला तर

१०८ ला फोन करावा. वाहते रक्त स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरावे. आग किंवा दुसरा धोका नसेल तर जखमीला ओढून बाहेर काढू नये. मानेला इजा असू शकते. पाणी पाजू नये. मदत करणाऱ्याला पोलिसांचा ससेमिरा लागेल ही भीती सोडावी. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात अशा माणसाला संरक्षण मिळाले आहे. आपल्या भागात मोठे रुग्णालय लांब असते, म्हणून हे पहिले काही क्षण फार मोलाचे.

शेवटी पाहुण्यांना आणि आपल्या मुलांनाही एवढेच सांगेन. हा रस्ता गाडीवाल्यांसाठीच बांधलेला नाही. डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकायला निघालेली बाई, सायकलवरचा पोस्टमन, संध्याकाळी घरी परतणारी गुरे आणि पाठीवर दप्तर घेतलेली पोरे, सगळी याच रस्त्याने जातात. रात्रीची झोप पुरी करून, उजेडी, बेताच्या वेगाने निघावे. समुद्र संध्याकाळपर्यंत तिथेच असतो.