तुकडेबंदी उठली म्हणजे नेमकं काय झालं?

प्रश्न : आमच्या वडिलांनी 2009 साली धुळ्याजवळ वलवाडी शिवारात दीड गुंठ्याचा प्लॉट घेतला. शंभराच्या स्टॅम्पपेपरवर सौदापावती आणि नोटरी, एवढाच कागद. घर बांधलं, वीजमीटर आमच्या नावावर आहे, घरपट्टी आम्हीच भरतो. सातबारावर नाव मात्र अजून त्या शेतकऱ्याचंच. सध्या जो तो सांगतो की तुकडेबंदीचा कायदा रद्द झाला, आता एक गुंठाही नावावर होतो. हे खरं आहे का? आणि तसं असेल तर शिंदखेडा तालुक्यातलं आमचं 25 गुंठे कोरडवाहू वावर आम्हा तिघा भावांना वेगवेगळं करून मिळेल का?
— एक वाचक, देवपूर, धुळे

उत्तर : कायदा रद्द झालेला नाही. प्लॉटच्या बाबतीत तुमचं काम होण्यासारखं आहे, पण ते आपोआप होणार नाही. वावराच्या बाबतीत मात्र काहीच बदललेलं नाही, तीन तुकडे होणार नाहीत. एकाच बातमीतून दोन उलट उत्तरं निघतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. असाच प्रश्न पडलेली घरं जळगाव-धुळ्याच्या प्रत्येक नव्या वस्तीत आहेत.

आधी मूळ कायदा काय होता ते पाहू. 1947 साली मुंबई इलाख्यात जमिनीचे तुकडे पाडायला बंदी घालणारा आणि विखुरलेल्या जमिनी एकत्र करायला सांगणारा कायदा झाला. त्याच्या आधी 20 वर्षं, 1927 मध्ये, याच विषयावरचं विधेयक मुंबईच्या कायदेमंडळात आलं होतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे त्याला विरोध केला आणि त्या विधेयकाचा कायदा झाला नाही. बाबासाहेबांनी 1918 सालीच लहान धारणक्षेत्रांवर निबंध लिहिला होता. शेत लहान आहे की मोठं हे नुसत्या एकरांवर ठरत नाही, त्यात लागणारं भांडवल आणि मजुरी किती यावर ठरतं; आणि जमिनीवरचा माणसांचा भार हलका करायचा तर उद्योग वाढले पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं. खानदेशात राहून हे वाचताना मन थांबतं. अमळनेर, धुळे, जळगावच्या कापड गिरण्यांनी एकेकाळी हा भार थोडा उचलला होता. त्या बंद पडल्या, तेव्हा माणसं सुरतेला गेली, नाहीतर तालुक्याच्या गावी, जिल्ह्याच्या गावी आली. त्यांना डोक्यावर छप्पर हवं होतं आणि रीतसर बिनशेती लेआउटमधला प्लॉट परवडत नव्हता. मग शेतकऱ्याने शेताच्या कडेला आखलेला गुंठा-दीड गुंठा घेतला. तुमच्या वडिलांनी केलं ते हेच. त्यात लपवाछपवी काही नव्हती.

अडचण अशी की शेती तोट्यात जाऊ नये म्हणून केलेला हा कायदा घराच्या जागेलाही लागू पडत होता. कायद्याने प्रत्येक भागासाठी ‘प्रमाणभूत क्षेत्र’ ठरवलं. त्याहून लहान तो तुकडा, आणि तुकडा पाडून केलेला व्यवहार बेकायदा. ऑगस्ट 2023 च्या अधिसूचनेनुसार आपल्या दोन्ही जिल्ह्यांत ही मर्यादा जिरायतीला 20 गुंठे आणि बागायतीला 10 गुंठे आहे. गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. रावेर-यावलच्या बागायतदाराला विचारा, 10 गुंठ्यांत दीड बाय दीड मीटरवर केळीची साधारण साडेचारशे खोडं बसतात. त्याहून लहान तुकड्यात ठिबक, मजूर आणि वाहतूक यांचा खर्च निघणं कठीण, हे कायद्यामागचं गणित. शेतीपुरतं ते गणित मला पटतं. दीड गुंठ्यात कोणी केळी लावणार नसतो, तो तिथे संसार मांडणार असतो. त्याला केळीचा नियम लावून सरकारने हजारो घरं कागदावर बेवारस ठेवली, हे मात्र कधीच पटलं नाही.

सरकारलाही ते टप्प्याटप्प्याने उमगलं. 2017 च्या दुरुस्तीने जुने व्यवहार नियमित करायची वाट दिली, पण त्यासाठी बाजारमूल्याच्या 25 टक्क्यांपर्यंत रक्कम मागितली. ज्याने पै-पै करून प्लॉट घेतला तो एवढी रक्कम कुठून भरणार? फार थोडे पुढे आले. मध्यंतरी जुलै 2021 मध्ये नोंदणी विभागाने परिपत्रक काढून तुकड्यांची दस्तनोंदणीच थांबवली आणि मे 2022 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते परिपत्रक रद्द केलं. ऑक्टोबर 2024 मध्ये 25 चे 5 टक्के झाले. जुलै 2025 मध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी विधानसभेत घोषणा केली आणि ‘तुकडेबंदी उठली’ हे वाक्य तिथून चहाच्या टपरीपर्यंत पोहोचलं. त्या दिवशी कायद्यातला एक शब्दही बदलला नव्हता. बदल झाला तो नोव्हेंबर 2025 च्या सुरुवातीला, राज्यपालांच्या अध्यादेशाने.

हा अध्यादेश सांगतो ते असं. 15 नोव्हेंबर 1965 ते 15 ऑक्टोबर 2024 या काळात तुकडे पाडून झालेले व्यवहार कोणतंही शुल्क न घेता नियमित धरले जातील. पण ते कुठले? महानगरपालिका, नगरपालिका, नगरपंचायत यांच्या हद्दीतले, आराखड्यात रहिवास किंवा इतर बिगरशेती वापरासाठी दाखवलेल्या क्षेत्रातले, आणि गावठाणाच्या लगतच्या परिघातले. सरकारी अंदाजाने राज्यातल्या सुमारे 50 लाख कुटुंबांना याचा लाभ होईल.

आता तुमचा प्लॉट. तुमच्या वडिलांनी तो घेतला तेव्हा वलवाडी ही वेगळी ग्रामपंचायत होती. जानेवारी 2018 मध्ये महिंदळे, नकाणे, मोराणे, अवधान अशा गावांबरोबर ती धुळे महानगरपालिकेत आली. म्हणजे जागा आणि तारीख, दोन्ही तुमच्या बाजूने आहेत. विकास आराखड्यात जागा रहिवास विभागात आहे ना, एवढा झोन दाखला महापालिकेच्या नगररचना विभागातून काढून घ्या.

खरा अडसर वेगळाच आहे. तुकडेबंदीचा दोष निघाला म्हणून सौदापावतीचं खरेदीखत होत नाही. 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे 100 रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मालमत्तेची खरेदी नोंदवावीच लागते, आणि दस्त सही झाल्यापासून साधारण चार महिन्यांत नोंदणीला न्यावा लागतो. 2009 चा कागद आज दुय्यम निबंधक घेणार नाहीत. त्या शेतकऱ्याने, तो हयात नसेल तर त्याच्या सगळ्या वारसांनी, तुम्हाला नवं खरेदीखत करून द्यावं लागेल. मुद्रांक शुल्क आजच्या रेडी रेकनर दराने भरावं लागेल. ज्यांचा दस्त नोंदलेला होता, पण नाव ‘इतर हक्कात’ पडून राहिलं किंवा फेरफार नामंजूर झाला, त्यांचं काम तुमच्यापेक्षा सोपं आहे. त्यांचं नाव कब्जेदार सदरी यायचं आहे आणि तुकडेबंदीचा शेरा निघायचा आहे, एवढंच.

म्हणून सांगतो, मूळ मालक म्हातारा असेल तर दिवाळीनंतर बघू, लग्नसराईनंतर बघू, असं करू नका. वारस सहा झाले, त्यातला एक सुरतेला, एक पुण्याला, आणि जागेचा भाव तेव्हाच्या कितीतरी पट, की सहीला किंमत येते. अध्यादेशात त्यावर औषध नाही.

दुसरंही एक स्पष्ट सांगायला हवं. या बदलाने जमिनीची मालकी सरळ होते, बांधकाम अधिकृत होत नाही. त्यासाठी 2001 चा गुंठेवारी कायदा आहे. 2021 च्या दुरुस्तीने त्याची मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंत आणली. तो अर्ज महापालिकेकडे वेगळा करायचा. बँकेचं कर्ज किंवा घरकुलाचं अनुदान हवं असेल तर दोन्ही कागद लागण्याची शक्यता धरा. रस्ता, गटार, पाण्याची लाइन यांची सोयही अध्यादेशाने होत नाही. ती महापालिकेकडून मागावी लागते, आणि नाव लागल्यावर ती मागणी जास्त हक्काने करता येते.

आता वावर. इथे अध्यादेशाने हातच लावलेला नाही. शेतीसाठीची तुकडेबंदी जशी होती तशी आहे. 25 गुंठे जिरायतीचे तीन भाग केले तर प्रत्येकी साधारण सव्वाआठ गुंठे, आणि किमान हवेत 20. उद्या विहीर झाली, जमीन बागायत लागली, तरी साडेबारा-साडेबाराचे दोनच भाग निघतील, तीन नाहीत. वाटणीने तुकडा पडत असेल तर कायदा वाटणीलाही अडवतो, तेव्हा तहसीलदारांकडे खातेफोडीचा अर्ज करून उपयोग नाही. वारसाने नावं लागायला मात्र कोणी अडवत नाही. तिघांची नावं सामाईक लागतील. मग एका भावाने जमीन ठेवून बाकीच्यांना मोबदला द्यावा, किंवा तिघांनी मिळून सबंध 25 गुंठे कसावेत, नाहीतर विकावेत. घरात बसून बांध घालून घ्याल, पण पीकविमा आणि पीककर्ज या दोन्ही वेळी सामाईक उतारा समोर येईल.

तुम्ही तिघा भावांचं लिहिलंत. बहिणी आहेत का, ते लिहिलं नाहीत. असतील तर त्यांचा हिस्सा तुमच्याएवढाच आहे. महाराष्ट्राने हा हक्क 1994 मध्ये दिला, देशभर तो 2005 मध्ये आला. रक्षाबंधनाच्या प्रेमाखातर हक्कसोड लिहून घेण्याची आपल्याकडची रीत मला मुळीच मान्य नाही. बहिणीने स्वखुशीने सोडला तर तिची मर्जी; तिला विचारल्याशिवाय मात्र वाटणीची गोष्ट काढू नका.

वाचकांपैकी जे आज प्लॉट शोधत आहेत त्यांनी वरची तारीख पुन्हा वाचावी. 15 ऑक्टोबर 2024 नंतरचा व्यवहार या सवलतीत येत नाही. ‘मागच्या तारखेची नोटरी करून देतो’ असं सांगणारे दलाल भेटतील. स्टॅम्पपेपर कधी, कोणाला विकला याची नोंद मुद्रांक विक्रेत्याच्या रजिस्टरमध्ये असते, आणि खोटा दस्त हा फौजदारी गुन्हा आहे. सरकारनेही दर काही वर्षांनी मुदत पुढे सरकवली, त्यातूनच ‘आज घ्या, उद्या नियमित होईल’ हा धंदा वाढला. स्वस्त, रीतसर प्लॉट शहराजवळ मिळण्याची सोय होत नाही तोवर तो थांबणार नाही.

शेवटचा मुद्दा, हा बदल टिकेल का? अध्यादेश तात्पुरता असतो. राज्यघटनेच्या 213 व्या अनुच्छेदानुसार अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत विधिमंडळाने त्याची जागा घेणारा कायदा केला नाही तर तो संपतो. 8 डिसेंबर 2025 पासूनच्या नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात तसं विधेयक येणं अपेक्षित होतं. मसुदा मराठीत असतो, विधिमंडळाच्या संकेतस्थळावर वाचता येतो. विधेयकाच्या टप्प्यावर सामान्य माणसाच्या म्हणण्याने शब्द बदलतात. जनसुरक्षा विधेयक 2024 मध्ये संयुक्त समितीकडे गेलं, 12 हजारांहून अधिक सूचना आल्या आणि जुलै 2025 मध्ये ते बदललेल्या मजकुरासह मंजूर झालं. नोटरीवाल्या प्लॉटधारकांसाठी मुद्रांक शुल्कात सवलत आणि मूळ मालक सापडत नसेल तिथे चौकशी करून नाव लावण्याची तरतूद, या दोन मागण्या तुमच्या आमदारांकडे लेखी द्या, पोच घ्या. वस्तीतल्या सगळ्यांनी एकाच अर्जावर सह्या केल्या तर अधिक चांगलं. आणि अर्ज देण्याआधी त्या शेतकऱ्याच्या घरी जाऊन या.