मूत्रपिंडाचे आरोग्य : दैनंदिन सवयी आणि कुटुंबाचे अर्थकारण

लखनौ शहराच्या दक्षिण भागात, रायबरेली मार्गावर संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्था आहे. १९८३ च्या राज्य कायद्याने स्थापन झालेल्या या संस्थेत मूत्रपिंडविकारांसाठी स्वतंत्र विभाग असून प्रत्यारोपणाचीही सोय आहे. पूर्व उत्तर प्रदेशातील दूरच्या जिल्ह्यांतून आणि शेजारच्या बिहारमधूनही रुग्ण येथे येतात. अशा रुग्णाबरोबर बहुधा घरातील एक कमावती व्यक्तीही आलेली असते. म्हणूनच मूत्रपिंडविकार हा वैद्यकशास्त्राइतकाच अर्थशास्त्राचाही विषय ठरतो. प्रस्तुत लेखात या दोन्ही बाजू एकत्र विचारात घेतल्या आहेत.

मूत्रपिंडाचे कार्य

माणसाच्या प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख नेफ्रॉन, म्हणजे सूक्ष्म गाळणी-एकके असतात. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातील बहुतांश भाग शरीरात परत शोषला जातो आणि दीड ते दोन लिटर मूत्र बाहेर टाकले जाते. शरीरातील क्षारांचा समतोल राखणे, रक्तदाबाचे नियमन करणे आणि तांबड्या पेशींच्या निर्मितीस चालना देणारे संप्रेरक तयार करणे, हीदेखील मूत्रपिंडांचीच कामे होत.

गाळण्याची क्षमता तीन महिन्यांहून अधिक काळ घटलेली असल्यास किंवा इजेच्या खुणा तितका काळ टिकून राहिल्यास त्यास दीर्घकालीन मूत्रपिंडविकार म्हणतात. क्षमतेनुसार त्याच्या पाच अवस्था मानल्या जातात. गाळण्याचा दर मिनिटाला १५ मिलिलिटरपेक्षा खाली गेला की ती अखेरची अवस्था होय. या विकाराचा सर्वांत मोठा धोका म्हणजे त्याचे मूकपण. जवळजवळ निम्मी क्षमता गमावेपर्यंत रक्तातील क्रिएटिनिन मर्यादेतच दिसू शकते आणि रुग्णास काहीही जाणवत नाही.

आकडे काय सांगतात?

२०१६-१७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाची घोषणा झाली. देशात दरवर्षी २.२ लाख नव्या रुग्णांचा विकार अखेरच्या अवस्थेस पोहोचतो, त्यामुळे डायलिसिसच्या ३.४ कोटी सत्रांची मागणी वाढते आणि एका सत्रास सुमारे २,००० रुपये खर्च येतो, असा अंदाज अर्थमंत्र्यांच्या भाषणात मांडण्यात आला होता. विद्यार्थ्यांनी येथे साधा भागाकार करून पाहावा. प्रत्येक रुग्णामागे वर्षाला सुमारे १५५ सत्रे, म्हणजे आठवड्यातून तीन वेळा उपचार. वार्षिक खर्च तीन लाखांवर जातो.

परंतु हा हिशेब अपुरा आहे. प्रत्येक सत्र सुमारे चार तासांचे असते आणि त्यात प्रवासाचा वेळ मिळवावा लागतो. रुग्ण व सोबतचा नातेवाईक या दोघांचे दिवस धरले, तर वर्षाला तीनशेहून अधिक मनुष्यदिवस खर्ची पडतात. उपचार विनामूल्य मिळाला तरी बुडालेली मजुरी भरून येत नाही. अर्थशास्त्रात यालाच संधी खर्च म्हणतात. घराचे दारिद्र्यरेषेखाली घसरणे अनेकदा औषधाच्या देयकापेक्षा या न दिसणाऱ्या खर्चामुळे घडते.

प्रतिबंधाच्या सवयी

मूत्रपिंडविकाराची दोन प्रमुख कारणे म्हणजे मधुमेह आणि उच्च रक्तदाब. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आणि ३१.५ कोटी लोकांना उच्च रक्तदाब असावा. म्हणजेच मूत्रपिंडाचे रक्षण या दोन विकारांच्या नियंत्रणापासून सुरू होते.

१. मीठ : जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे साधारण एक सपाट चमचाभर मीठ घ्यावे. लोणचे, पापड, फरसाण आणि बाजारातील चाट यांतील मीठही यातच मोजावे लागते. मूत्रपिंडविकार असलेल्यांनी कमी सोडियमचे मीठ वैद्यकीय सल्ल्याविना वापरू नये; त्यातील पोटॅशियम अपायकारक ठरू शकते.

२. पाणी : तहानेनुसार व श्रमानुसार पुरेसे पाणी प्यावे. लखनौच्या मे-जूनच्या उन्हात काम करणाऱ्या मजुराची गरज कार्यालयात बसणाऱ्यापेक्षा कितीतरी अधिक असते. मात्र अतिरेकी पाणी पिऊन मूत्रपिंडे ‘धुतली’ जातात, हा गैरसमज आहे. अंगावर सूज असलेल्यांनी किंवा विकार बळावलेल्यांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. जुलाब-उलट्यांत क्षारसंजीवनी वेळीच दिल्यास मूत्रपिंडांना होणारी अचानक इजा टाळता येते.

३. वेदनाशामक औषधे : आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या दुकानातून आणून दीर्घकाळ घेणे धोक्याचे आहे. घटक अज्ञात असलेली भस्मे व चूर्णे यांबाबतही हीच सावधगिरी हवी.

४. व्यायाम व व्यसनमुक्ती : रोजचे चालणे, वजनावर नियंत्रण आणि तंबाखूचा त्याग यांमुळे रक्तवाहिन्यांचे, पर्यायाने मूत्रपिंडांचे रक्षण होते.

५. तपासणी : मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांनी वर्षातून किमान एकदा रक्तातील क्रिएटिनिन व लघवीतील अल्ब्युमिन तपासून घ्यावे. लघवीत अल्ब्युमिन उतरू लागणे ही बहुधा पहिली सूचना असते आणि त्या टप्प्यावर औषधांनी विकाराची गती मंदावता येते.

धोरणाची दिशा

सवयी व्यक्तीच्या असतात. त्या जोपासण्याची परिस्थिती मात्र समाजाने निर्माण करावी लागते. उन्हात राबणाऱ्याला कामाच्या जागी पाणी व सावली मिळाली नाही, तर ‘पुरेसे पाणी प्या’ हा उपदेश पोकळ ठरतो. त्याचप्रमाणे रक्तदाबाची गोळी गावातच नियमित मिळाली नाही, तर निदानाचा उपयोग मर्यादित राहतो. तीस वर्षांवरील नागरिकांची रक्तदाब व मधुमेहासाठी तपासणी करण्याची व्यवस्था आज आयुष्मान आरोग्य मंदिरांमार्फत उपलब्ध आहे. तिचा पूर्ण उपयोग होणे हीच मूत्रपिंडसंरक्षणाची सर्वांत स्वस्त योजना होय. मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने मूत्रपिंडाच्या आरोग्याविषयी ठराव संमत करून या प्रश्नाची जागतिक पातळीवर दखल घेतली आहे.

डायलिसिस केंद्रांचा विस्तार आवश्यकच आहे, कारण आज जो रुग्ण अखेरच्या अवस्थेत आहे त्याला थांबता येणार नाही. परंतु डायलिसिस मूत्रपिंडाचे काही काम करते, मूत्रपिंड बरे करीत नाही. म्हणून आरोग्यखर्चाचा विचार करताना केंद्रांच्या संख्येबरोबरच, तेथवर जाण्याची वेळ किती जणांवर आली नाही, हाही यशाचा निकष मानला पाहिजे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. विनामूल्य उपचार मिळूनही कुटुंबावर आर्थिक भार का राहतो? संधी खर्चाच्या संकल्पनेच्या आधारे स्पष्ट करा.

२. असंसर्गजन्य रोगांच्या नियंत्रणात वैयक्तिक सवयी आणि सार्वजनिक व्यवस्था यांचा परस्परसंबंध सोदाहरण मांडा.