'ममा सेड नॉक यू आउट' : टीका झाल्यावर पुन्हा उभं कसं राहायचं?



पाचवीपासून पुढची मुलं हल्ली रॅप ऐकतात, गुणगुणतात. आपण 'हे काय गाणं?' म्हणून सोडून देतो. पण यमक, ताल आणि शब्दसंपत्ती शिकवायला हा प्रकार फार उपयोगी आहे. आजच्या पाठासाठी मी अमेरिकेतल्या एका गाण्याची गोष्ट निवडली आहे. त्यात भाषेचा पाठ आहे आणि मूल्यशिक्षणाचाही.

गायकाचा परिचय

एलएल कूल जे यांचं खरं नाव जेम्स टॉड स्मिथ. जन्म १९६८ चा. न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागात आजी-आजोबांच्या घरी ते वाढले. घरातली हिंसा त्यांनी लहानपणीच पाहिली होती. आजोबांनी नातवाला संगीताची यंत्रसामग्री घेऊन दिली आणि घरातच सराव सुरू झाला. १९८४ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, डेफ जॅम या तेव्हा अगदी नव्या कंपनीने त्यांचं गाणं काढलं. १९८५ आणि १९८७ चे अल्बमही गाजले. विशीच्या आतच हा मुलगा मोठा स्टार झाला.

घसरण कशी झाली?

१९८९ मध्ये 'वॉकिंग विथ अ पँथर' हा तिसरा अल्बम आला. तो खपला चांगला, पण रॅपच्या जाणकार श्रोत्यांना तो रुचला नाही. त्या काळात पब्लिक एनिमीसारखे गट वर्णभेद आणि अन्याय यांवर गात होते. त्यांच्यासमोर एलएलची प्रेमगीतं आणि श्रीमंतीचा थाट लोकांना पोकळ वाटू लागला. त्याच वर्षी ब्रुकलिनमध्ये युसुफ हॉकिन्स या सोळा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा खून झाला. त्यासंबंधी हार्लेममध्ये झालेल्या कार्यक्रमात एलएल मंचावर आले, तेव्हा लोकांनी त्यांची हुर्यो उडवली. वय होतं फक्त एकवीस!

आजीचं एक वाक्य

खचलेल्या नातवाने आजीपुढे मन मोकळं केलं. आजीने लांबलचक उपदेश केला नाही. 'तू त्यांना लोळव', एवढ्याच अर्थाचं ती बोलली. बॉक्सिंगमध्ये प्रतिस्पर्ध्याला आडवं करतात, त्याला 'नॉक आउट' म्हणतात. तोच शब्द गाण्याच्या नावात आला. नावात 'ममा' असलं, तरी सल्ला आजीचाच.

गाणं कसं तयार झालं?

एलएलनी या वेळी क्वीन्सचेच निर्माते मार्ली मार्ल यांना सोबत घेतलं. त्यांनी आधी एलएलच्या एका जुन्या गाण्याला नवं रूप दिलं होतं आणि ते लोकांना आवडलं होतं. या गाण्याच्या निर्मितीत बॉबकॅट यांचाही वाटा आहे.

ठेका बनवण्याची पद्धत मुलांना समजावून सांगण्यासारखी आहे. जुन्या रेकॉर्डमधला छोटासा तुकडा यंत्रात घ्यायचा आणि तो पुन्हा पुन्हा वाजवायचा. याला सॅम्पलिंग म्हणतात. गोधडी शिवताना जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडतात ना, तसंच हे! या गाण्यात जेम्स ब्राउन यांच्या 'फंकी ड्रमर'मधला ड्रमचा तुकडा आहे. तो वाजवणारे क्लाइड स्टबलफील्ड. हा तुकडा पुढे शेकडो गाण्यांत वापरला गेला, पण मूळ गाण्याचे लेखक म्हणून स्टबलफील्ड यांची नोंद नव्हती, त्यामुळे त्यांना त्याचं मानधन मिळालं नाही. दुसऱ्याचं घेतलं तर त्याचं नाव सांगायचं, हा धडा इथे आपोआप येतो. प्रकल्पवहीसाठी इंटरनेटवरून उतरवून घेणाऱ्या मुलांना तो जरूर सांगा.

प्रकाशन आणि यश

याच नावाचा अल्बम १९९० मध्ये आला आणि हे गाणं १९९१ मध्ये स्वतंत्रपणे, म्हणजे सिंगल म्हणून, काढलं गेलं. पॅरिस बार्कले यांनी दिग्दर्शित केलेला व्हिडिओ कृष्णधवल आहे. बॉक्सिंगचं रिंगण, वरून लोंबणारा माइक आणि डोक्यावर टोपडं ओढलेला गायक. शेवटी आजी स्वतः पडद्यावर येते! बिलबोर्डच्या मुख्य यादीत गाणं १७ व्या क्रमांकापर्यंत गेलं आणि १९९२ मध्ये त्याला सर्वोत्तम एकल रॅप सादरीकरणाचं ग्रॅमी मिळालं.

वर्गात काय करता येईल?

सूचना : गाण्याची भाषा मारामारीची आहे, म्हणून प्राथमिकच्या मुलांना ते ऐकवू नका. गोष्ट सांगा आणि ठेका वाजवा.

१. बाकावर १-२-३-४ असा ठेका धरा. मुलं टाळीने साथ देतील.
२. 'मला जमत नव्हतं, पण...' या विषयावर प्रत्येक गटाने चार ओळी लिहाव्यात. दोन-दोन ओळींना यमक हवं.
३. ओळ ठेक्यात बसत नसेल, तर शब्द बदलून पाहायला सांगा. समानार्थी शब्दांचा सराव इथेच होतो.
४. एका गटाने सादर करावं. दुसऱ्याने एक आवडलेली गोष्ट आणि एक सुधारणा सांगावी. हसायचं नाही, हा नियम आधीच ठरवा.

चर्चेसाठी प्रश्न :
- लोकांची टीका पूर्णपणे चुकीची होती का?
- एलएलनी टीकाकारांशी भांडण्याऐवजी काय केलं?
- तुम्हाला धीर देणारं माणूस कोण?

आपल्यासाठी, म्हणजे मोठ्यांसाठी

सगळे या गाण्याला 'कमबॅक' म्हणतात. गंमत म्हणजे गाण्याच्या सुरुवातीलाच एलएल हा शब्द नाकारतात. आपण गेलोच नव्हतो, इतकी वर्षं कामच करत होतो, असं त्यांचं म्हणणं.

इथे थांबून विचार करू या. वाचनात मागे असलेलं मूल एके दिवशी परिच्छेद घडाघडा वाचतं. आपण कौतुकाने म्हणतो, 'अरे वा, आता सुधारलास!' मुलाला मात्र त्यात 'आधी तू बिघडलेला होतास' असंही ऐकू येतं. वर्षभर ते अक्षर अक्षर जोडत होतं, ते मात्र आपल्या प्रगतिपुस्तकात कुठे दिसत नाही. त्याऐवजी 'रोज थोडं थोडं वाचत होतास, त्याचं हे फळ' असं म्हटलं तर? शब्द थोडेसेच बदलतात, पण मुलाचे कष्ट आपण पाहिले होते, हे त्याला कळतं.

एलएलच्या आजीने नातवाला 'तू चुकलास' म्हटलं नाही आणि 'लोक वाईट आहेत' असंही म्हटलं नाही. त्याला कामाला लावलं. पालकहो, उद्या मूल पडेल चेहऱ्याने घरी आलं, तर आधी त्याचं पूर्ण ऐकून घ्या. मग एकच छोटं वाक्य बोला आणि त्याच्याबरोबर वही उघडून बसा.